थॉर्नबरीचं धुणं

तिच्या तोफा किती इंची होत्या, मला माहीत नाही.
तिच्यावर कॉलर किती होत्या ते माहीत आहे.
माल्टात, सेंग्लीआच्या गच्चीवर
आई धुवायची, मी मोजायची.
नीनू होडीवाला गाठोडी आणायचा
आणि जिना चढता चढता युद्धाला शिव्या द्यायचा,
कधी कधी नुसत्या जिन्याला.

क्रूझर थॉर्नबरी. आईची जीभ त्या नावाला वळायची नाही,
ती म्हणायची, आपल्या वेन्झूची बोट.
माझा भाऊ तिच्यावर अधिकाऱ्यांना वाढायचा,
पांढऱ्या जाकिटात, केस चापूनचोपून.

आईला अक्षरओळख नव्हती.
पण प्रत्येक सदऱ्याच्या आत लाल दोऱ्याचा आकडा असायचा,
आणि कपडे काय बोलतात ते तिला कळायचं.
अलेक्झांड्रियाहून बोट आली की खिशांतून वाळू.
ताफा राखून आली की तेल,
काळं, सोड्याला न बधणारं, दुसऱ्याच कुठल्या जहाजाचं.
क्रीटहून आली तेव्हा रक्त होतं
आणि एकही सदरा फाटलेला नव्हता.
पाण्यातून कुणाकुणाला मिठी मारून वर ओढलेलं,
छातीवर, काखेत, त्यांचं रक्त.
आई त्या दिवशी गप्प घासत राहिली.
तिने पाणी तीनदा बदललं.
एरवी मी दोनदा बदललं तरी रागवायची.

फेब्रुवारीत गाठोडी आली एकतीस.
त्यांत वेन्झूचं काही नव्हतं,
त्याचं एकच जाकीट स्वच्छ होतं, ते अंगावर.
गुरुवारी न्यायला येतो, नीनू म्हणाला.
बुधवारी रात्री गच्चीवरून मला दिसला
बंदरातला एक काळोख
दुसऱ्या काळोखातून बाहेर सरकताना.

कुणी म्हणालं सुरुंग, कुणी पाणतीर.
रेडिओ तीन आठवड्यांनी बोलला, एकच वाक्य,
तेही खरखरत.
तोवर सदरे वाळून घड्या झाल्या होत्या.
इस्त्री राहिली होती. कोळसा नव्हता.

मग पाव वजनावर, रॉकेल थेंबावर,
खडकात खोदलेल्या भुयारात आम्ही आणि ती गाठोडी.
मेलेल्यांचे कपडे उशाला घेऊन निजतेस?
शेजारच्या कार्मनीने विचारलं.
आई म्हणाली, धुतलेले आहेत.

इस्पितळात पट्ट्या कमी पडल्या
तेव्हा कात्री तिनेच मागून घेतली.
आधी चादरी. मग बाह्या, मग पाठी.
लाल आकड्यांचे चौकोन तेवढे
बिस्किटांच्या डब्यात.

युद्ध संपल्यावर, दुसऱ्या उन्हाळ्यात, एक जण आला.
सायलस ट्रेगेंझा, डेव्हनपोर्टचा,
डाव्या हाताला दोनच बोटं.
धुण्याचे चार शिलिंग द्यायचे राहिलेत, म्हणाला,
आणि उंबऱ्याबाहेरच उभा.
आईने डबा उघडला. एकशे सतरा.
तो चौकोन त्याने तळहातावर घेतला,
तिकीट घ्यावं तसा.
तिने दोनच शिलिंग घेतले.
इस्त्री झाली नव्हती, म्हणून.

मग तो वेन्झूबद्दल सांगू लागला,
तो इंग्रजीत, मी आईला आमच्या भाषेत.
पहाटे दोनला वेन्झू मागच्या तोफेकडे
कोकोची किटली घेऊन निघाला होता.
पहिल्या हादऱ्याला सगळा कोको जाकिटावर,
त्याने खाली बघितलं, एक शिवी हासडली,
मग स्वतःच हसला.
मग दुसरा हादरा.
पुढचं त्याला सांगता येईना.
मला तर आधीचंच येत नव्हतं.

आई बराच वेळ टेबलावरच्या नाण्यांकडे बघत होती.
मग तिने विचारलं,
जाकीट लगेच गार पाण्यात गेलं ना?
कोकोचा डाग वाळू दिला
तर जात नाही.